नकुशीची सायकल

लोक मला तापट म्हणतात. म्हणोत. बारामतीत सायकली दुरुस्त करता करता माझी हयात गेली, आणि हयातभर मी एकच मूर्खपणा बघत आलो. लेकरासाठी सायकल घ्यायला येतात आणि बापाच्या मापाची घेऊन जातात. का, तर म्हणे अंग वाढतंय. मग ते पोर दांड्याखालून पाय घालून, अंग तिरकं करून कैची मारत जातं, गुडघे फोडून घेतं, आणि बाप ओट्यावर बसून कौतुकानं सांगतो, बघा आमचा कसा हाकतोय. असल्या बापांना मी तोंडावर बोलतो. म्हणून मी तापट.

एकच गिऱ्हाईक असं भेटलं की तिला मला काही शिकवावं लागलं नाही. ती पिंपळीची चंद्राबाई. तिची हकिगत सांगतो, आणि तिच्यात मी काय माती खाल्ली तेही सांगतो. स्वतःचं झाकून दुसऱ्यावर ओरडणं मला जमत नाही.

मी म्हस्कू, मूळचा कळसचा. बाप मेंढरं राखायचा. मीही राखली असती, पण मास्तरांनी चौथीपर्यंत ओढलं आणि अक्षर बरं निघालं. पुढं बारामतीला मोहनरावांच्या सायकलच्या दुकानात लागलो. अक्षराचा मला भारी गर्व. दुकानातल्या प्रत्येक सायकलच्या हँडलला मी पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचो आणि त्यावर शेरा लिहायचो. चेन सैल. मागचा ब्रेक नवा. घंटी वाजत नाही. मोहनराव गल्ल्यावर बसून ते शेरे वाचायचे आणि त्याप्रमाणं गिऱ्हाइकाशी बोलायचे. वर्षानुवर्षं आमची अशीच रीत होती.

साल छत्तीस. मे महिना, बाजारचा दिवस. दुपारी वांग्यांची रिकामी पाटी काखेत धरून एक बाई दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. पस्तिशीची असेल. कपाळ मोकळं, पदर घट्ट खोचलेला, हातांवर वांग्याच्या काट्यांचे ओरखडे.

"लेकराची सायकल दावा," ती म्हणाली.

"पोरगा केवढा हाय?" मोहनरावांनी विचारलं.

"पोरगी हाय. आठ वर्साची."

पंक्चर काढून घ्यायला बसलेले दोघं दात काढायला लागले. एकजण म्हणाला, आता गाई बी सायकलवर बसतील. त्याची ट्यूब माझ्या हातात होती. मी ती तशीच फरशीवर टाकली आणि त्याला सांगितलं, तुझं पंक्चर तूच काढ. काय बिघडतं हो पोर सायकलवर बसली तर? हसायला यांना काहीही पुरतं.

मोहनरावांनी चोवीस इंची सायकल पुढं काढली. मधला दांडा असलेली, पुरुषी. "ही घे बाई. चार-पाच वर्सं बघाय नको. पोरीचं अंग वाढतंच हाय."

चंद्राबाईनं सायकलकडं पाहिलं, मग मोहनरावांकडं. "चार वर्सांनी लागंल तेवढं पानी म्या आज रोपाला घालत न्हाय. आज पाय टेकलं पायजेत."

माझं आयुष्य गेलं लोकांना हे सांगण्यात, आणि ही बाई ते पायरीवर उभी राहून मालकाला सांगत होती. मी हात पुसत पुढं झालो.

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि सुती दोरा काढला. त्याला तीन गाठी. म्हणाली, पोरीला मुद्दाम आणलं नाही, आणली असती आणि सायकल मिळाली नसती तर आठ दिवस हिरमुसून बसली असती. म्हणून माप आणलं. पहिली गाठ टाचेपासून जांघेपर्यंत. दुसरी खांद्यापासून मुठीपर्यंत. तिसरी अगदी जवळ, वीतभर.

"ही कशाची?" मी विचारलं.

"पंजा पसरून घेतलाय. ब्रेकाला बोटं पोचाय नगंत?"

कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर कुणी नाही. तीन बाजार ती भाजी विकता विकता येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींकडं बघत बसली होती. कोण कसा चढतो, कोण कशानं पडतो, थांबताना हात कुठं जातो. माझ्या दुकानात शिकलेसवरलेले लोक येतात, ते सायकल घेताना घंटी वाजवून बघतात.

आमच्याकडं एक अठरा इंची हिरवी सायकल पडून होती. कुण्या साहेबानं मुलीसाठी मागवली, ती दौंडहून छोट्या आगगाडीनं येईतो साहेबाची बदली झाली. मधला दांडा खाली झुकलेला, परकर नेसून बसता येईल असा. मी दोरा लावला. पहिली गाठ बरोबर. दुसरी बोटभर कमी, ती हँडल मागं वळवून जमली. तिसरीसाठी ब्रेकची दांडी थोडी आत वाकवावी लागणार होती. चंद्राबाईनं सायकल एका हातानं उचलून पाहिली.

"पडली तर तिची तिला उचलता आली पायजे," ती म्हणाली. मग वाकून चेनकडं बोट केलं. "हितं परकर अडकंल."

ते मात्र खरं होतं. चेनवर नुसती वरून पट्टी होती. मी म्हणालो, रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून दोन्ही बाजूंनी बंद कव्हर करून देतो, पुढच्या बाजारी घेऊन जा.

तेवढ्यात मोहनराव मध्ये पडले. "अरे, ती बारकी सायकल दोन वर्सांत लहान होईल, मग ही बाई माझ्या नावानं बोंब मारील. मोठी दे."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुम्ही मालक गल्ल्याचे, पोरीच्या गुडघ्यांचे नाही. ते म्हणाले, जास्त शहाणपणा करू नकोस. मी म्हणालो, तुम्हाला कमी पडतोय म्हणून मला जास्त करावा लागतो. गिऱ्हाइकासमोर असं बोलायला नको होतं. मोहनराव तावातावानं उठून जेवायला निघून गेले, आणि त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला. आधीही व्हायचा. चार-चार दिवस चालायचा. पुठ्ठे होते म्हणून दुकान अडत नव्हतं.

मी माप घेत होतो तेव्हा ती सांगत होती. नवरा पटकीनं गेला तेव्हा ही धाकटी सहा महिन्यांची. कालव्याच्या पाण्यावर वांगी, गवार, मेथी हीच करते, हीच विकते. मोठ्या दोन पोरी बाराव्या वर्षी उजवल्या, म्हणजे दिरानं आणि सासूनं उजवल्या, हिला विचारलं नाही. ही धाकटी वाचते. वाण्याच्या पुडीचा कागद वाचते, भिंतीवरची जाहिरात वाचते. वस्तीवरची शाळा दुसरीला संपली. पुढं बारामतीत मुलींची शाळा, पण ती तीन मैल लांब.

"दीर म्हंतो, भाजी टाकून तू रोज पोचवाय जानार का? जायाला सायकल हाय का तिला? चेष्टेनं म्हनला. म्या म्हनलं, आनीन. आता आठ जूनला शाळंत नाव घालायचं हाय. सायकल आली तर जाईल. न्हाय तर ती बी घरात बसंल, आन् बसली की ह्ये स्थळं बगाय लागतील."

हे सगळं ती न रडता सांगत होती. मीच दोन वेळा पकड खाली पाडली. ती पैसे काढायला लागली, तर मी म्हणालो, असू द्या, नेताना द्या.

"नाव सांगा पोरीचं," मी म्हणालो. "पुठ्ठ्यावर लिहून ठेवतो, म्हणजे दुसरं कुणी हात लावायचं नाही."

"नकुशी," ती म्हणाली.

खरं सांगतो, नाव ऐकून मला काही म्हणजे काही वाटलं नाही. आमच्या कळसला आळीआळीला एक नकुशी होती. मला वाटलं ते एवढंच की नकुशी ही झाली गावंढळ बोली, शुद्ध काय असेल? मी चौथी पास. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, नकोशी. चंद्राबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या अक्षरांवरून कौतुकानं बोट फिरवलं आणि पाटी उचलून गेली.

तीन दिवसांत मी कव्हर केलं. हिरवा रंग जुळवून लावला, कडा घासून गोल केल्या, ब्रेकची दांडी वाकवली. पुठ्ठा हँडलला बांधला आणि सायकल कोपऱ्यात उभी केली. मग निमगाव केतकीला मावसभावाच्या लग्नाला गेलो. मोहनरावांना त्या सायकलबद्दल एक शब्द सांगितला नाही, कारण मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. माझ्या रागाला तेवढाच मुहूर्त सापडला.

लग्नाहून आलो ते बाजारच्याच दिवशी सकाळी. कोपरा रिकामा.

"हिरवी कुठं गेली?" अबोला विसरून मी विचारलं.

"इकली," मोहनराव म्हणाले. "इंदापूरचे आबाजीराव बागाइतदार आले होते. पोराला पायजे होती. तुझं ते कव्हर बघून तर लईच पसंत पडली."

"आणि पुठ्ठा वाचला नाहीत?"

"वाचला म्हणून तर इकली." त्यांनी गल्ल्याखालून पुठ्ठा काढून माझ्यासमोर धरला. "तूच लिहिलंस ना, नकोशी? मी म्हटलं, त्या बाईनं नको म्हणून कळवलं असेल. बरं झालं, पडून राहण्यापेक्षा गेली."

मी त्या पुठ्ठ्याकडं बघतच राहिलो. चेन सैल. घंटी वाजत नाही. नकोशी. सायकल नकोशी. वाचणाऱ्याची काय चूक? मी बोलीत ऐकलं तसं नकुशी लिहिलं असतं, तर मोहनराव थबकले असते, हे काय म्हणून थांबले असते. मी शुद्ध केलं. कुणी सांगितलं होतं मला शुद्ध करायला?

अजून आम्ही बोलतोय तोच चंद्राबाई आली. या वेळी पोरीला घेऊन. सायकल पक्की होती ना, मग आता आणायला काय हरकत. पोर धुवून-पुसून आणलेली, दोन वेण्या, लाल परकर. दुकानात शिरली आणि एकेका सायकलपाशी जाऊन बघायला लागली, हळू, हात न लावता.

मी चंद्राबाईला सांगायला तोंड उघडलं, पण मोहनरावांना दम कुठला. "बाई, तुमची सायकल गेली. चूक आमची न्हाय. हा बघा, ह्याच्या हातचा शेरा. आता नको असलेली वस्तू मी काय पुजत बसू?"

पुठ्ठ्यावर आपलं नाव आहे हे आईनं सांगितलेलं, म्हणून पोरीनं पुठ्ठा वाचला. ओठ हलवत वाचला, बोट लावून. मग म्हणाली, "ह्ये माझं न्हाय. माझं नाव नकुशी हाय."

"तेच ते गं," मोहनराव म्हणाले. "नकोशी म्हणजे नको असलेली. तुमच्या बोलीत नकुशी."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. ते चूक समजावून सांगत होते. माणूस असा निबर असतो की हातातलं कुऱ्हाडीचं पातं त्याला दिसतच नाही. पोरीनं पुन्हा एकदा पुठ्ठ्याकडं पाहिलं. आठ वर्षं ती त्या नावाला ओ देत होती. पाटीवर लिहीत होती. नाव म्हणजे नाव, त्याला अर्थ असतो हे तिला कुठं ठाऊक. ती आईकडं वळली.

"व्हय गं आई? त्येच का?"

इतक्या लोकांना ठणकावून बोललेली बाई, तिची मान खाली गेली. तिनं पोरीचा हात धरायला हात पुढं केला. पोरीनं हात दिला नाही. ती आईच्या पुढं चालत दुकानाच्या पायऱ्या उतरली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मोहनरावांवर, स्वतःवर, सगळ्यांवर. मी गल्ल्यातून आबाजीरावांचे पैसे काढून घेतले आणि मोहनरावांना म्हणालो, उद्या इंदापूरला जातो, सायकल घेऊनच परत येतो, नाही आणली तर तुमचं दुकान तुम्हाला लखलाभ. त्यांनी मला अडवलं नाही. त्यांनाही आतून कळलं असावं.

तीस-पस्तीस मैलांचा रस्ता, मे महिन्याचं ऊन. पायडल मारत होतो आणि डोक्यात एकच. दगडू, धोंडू, केरू अशी नावं आमच्यात ठेवतात, मला ठाऊक आहेत. पोरं जगत नाहीत म्हणून ठेवतात. दृष्ट लागू नये, मरणानं याच्याकडं दगड म्हणून बघावं आणि पुढं जावं म्हणून. ते नाव वाईट असलं तरी त्याच्यात माया आहे. आणि नकुशी? ती जगावी म्हणून नाही ठेवत. पुढची येऊ नये म्हणून ठेवतात. देवाला सांगतात, बघ, ही आम्हाला नको होती, आता पोरगा दे. देवाला निरोप द्यायला हे लेकरू वापरतात, आणि तो निरोप तिनं जन्मभर कपाळावर घेऊन हिंडायचा. त्या आईनं सायकल निवडायला तीन बाजार घातले. नाव निवडायला त्या घरात कुणी घटकाभरही बसलं नाही.

इंदापूरला आबाजीरावांचा लिंबांचा मळा, मळ्यात दुमजली घर. सोप्यात हिरवी सायकल उभी होती, वर चादर पांघरलेली. मी विचारलं, मुलगा बसला का? आबाजीराव म्हणाले, "पाय पोचत न्हायत अजून. पाच वर्साचा हाय. अंग वाढतंय, बसंल फुडं."

मी पैसे समोर ठेवले आणि झालेली चूक सांगितली. सायकल एका पोरीसाठी मापून ठेवलेली होती, तिची शाळा त्यावर अवलंबून आहे, तुमच्या मुलाला मी दुसरी, त्याच्या मापाची आणून देतो. आबाजीराव हसले. "म्या रोख देऊन आनलेली वस्तू. तुझ्या मालकानं इकली, म्या घेतली. पोरीच्या जातीला कशाला पायजे सायकल?"

मी बरंच काही बोलणार होतो. त्यातलं निम्मं बोललो असतो तरी मला तिथनं हात हलवत परत यावं लागलं असतं. तेवढ्यात त्यांची बायको प्रयागबाई पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन आल्या. दारामागून त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"पोरीचं नाव काय म्हनलासा?" त्यांनी मला विचारलं.

"नकुशी," मी म्हणालो. या वेळी जसं ऐकलं होतं तसंच.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव त्येच."

आबाजीराव चमकले. "तुझं? तू तर प्रयाग."

"लग्नात बदललं. तुमच्याकडच्यांना सांगताना बानं प्रयागच सांगितलं. मला लगीन आवडलं ते तेवढ्यापायी. बारा वर्सं त्या नावानं हाका खाल्ल्या."

"मला कवा बोलली न्हाईस."

"सांगन्यासारखं हुतं व्हय?" असं म्हणून त्या सायकलपाशी गेल्या, चादर ओढून काढली, घडी घालून खांद्यावर टाकली आणि सायकल हातानं ढकलत अंगणात माझ्यापाशी आणून उभी केली. आबाजीराव बाजेवरून उठले नाहीत. मी सायकल माझ्या कॅरियरवर आडवी बांधली. निघताना प्रयागबाईंनी मला एवढंच विचारलं, "शाळंत जाईल न्हवं ती?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पिंपळीला वस्तीवर पोचलो तो दुसऱ्या दिवशी. दारात चंद्राबाईची सासू, द्वारकाबाई, गवार निवडत बसलेली. चंद्राबाई वाफ्यात पाणी धरत होती. सायकल बघून ती बांधावर आली, चाकावर हात ठेवला आणि मळ्याकडं तोंड करून हाक मारली, "नकुशे." पोर चिंचेखाली बसली होती. वळलीसुद्धा नाही.

"दोन दिस झालं," चंद्राबाई म्हणाली. "त्या नावाला ओ देत न्हाय. दुसऱ्या कुठल्या नावानं म्या हाक मारू?"

मी नुसतंच, ए पोरी, म्हणून ओरडलो तेव्हा ती आली. बसवली. दोन्ही पाय टेकले. बोटं ब्रेकला पोचली. मी कालव्याच्या कडेनं मागं पळत राहिलो, ती पडली, तिनंच सायकल उचलली, पुन्हा बसली. तीन दिवस मी दुकान सोडून हेच केलं. चौथ्या दिवशी माझा हात सुटलाय हे तिला कळलंही नाही. सोपान, तो दीर, बांधावरून बघत होता. तो आडवा आला नाही, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

द्वारकाबाई मात्र प्रत्येक पडण्याला ओरडायची, "नकुशे, हाड मोडशील." न राहवून मी एकदा विचारलं, आजी, नाव तुम्हीच ठेवलंत ना? तिनं गवारीवरून नजर न काढता सांगितलं, "माझ्या सासूनं माझ्या लेकीचं ठेवलं, म्या नातीचं ठेवलं. त्यात काय इवढं?" म्हाताऱ्या माणसाला उलट बोलायचं नाही म्हणून मी दात आवळून गप्प राहिलो. आजवर त्या गप्प बसण्याचा मला पस्तावा आहे.

आठ जूनला बारामतीच्या शाळेत चंद्राबाई, पोर आणि मी. पोर सायकलवर तीन मैल आली होती. आम्ही मागनं माझ्या सायकलवर, चंद्राबाई कॅरियरवर, दोन्ही हातांनी सीट गच्च धरून. दारात लीलाबाई नावाच्या मास्तरीणबाई टेबल टाकून बसल्या होत्या. त्यांनी टाक शाईत बुडवला.

"मुलीचं नाव?"

पोर जमिनीकडं बघत होती. चंद्राबाई एकदम म्हणाली, "सारजा."

मी तिच्याकडं बघितलं. वाटलं, रस्त्यात सुचलं असेल.

"सारजा म्हणजे शारदाच ना?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "शारदा लिहिते, शुद्ध दिसेल."

"नाही," मी टेबलावर हात आपटला. शाई सांडली. "त्या जे सांगतायत तेच लिहा. काना-मात्रा बदलायची नाही." बाईंनी माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं आणि लिहिलं, सारजा.

पोरीनं वाकून ते वाचलं. मग आईला विचारलं, "ह्ये कुनाचं?"

"तुजं," चंद्राबाई म्हणाली. "तू झालीस त्या दिशीच म्या ठिवलं हुतं. मनात. बारशाला तुज्या आजीनं दुसरं सांगितलं, आन् म्या गप बसले."

मास्तरीणबाईंचा टाक थांबला. मला वाटलं, आता ही पोर आईच्या गळ्यात पडेल. माझेच डोळे भरले होते. पण पोरगी तिथंच ताठ उभी राहिली.

"माझं नाव हुतं," ती म्हणाली, "आन् तू मला आठ वर्सं सांगितलं न्हाईस?"

"भ्याले गं," चंद्राबाई म्हणाली.

सारजानं पाटी छातीशी धरली आणि मागं न बघता एकटीच वर्गात गेली.